लाजऱ्याचं उत्तर

माझा धाकटा भाऊ रस्तेवाल्यांकडे नोकरीला लागला, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तोही माझ्याच विषयातला. रानात कसं उभं राहायचं, काय ऐकायचं, हे सगळं त्याला मी शिकवलेलं. आणि हा आता 'इथे विशेष काही जगत नाही' असे अहवाल लिहून देणार! ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं मी त्याला फोनवर सुनावलं आणि आई मध्ये पडायच्या आत फोन ठेवून दिला. आई माझ्याकडे राहते. त्यानंतर मी विद्यापीठात असताना तो येऊन तिला भेटून जायचा. ओट्यावर एक कप जास्तीचा पालथा दिसला की मला कळायचं. मी विचारायची नाही, तीही सांगायची नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. रानाचे तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यात काय उरतं, ते मी बघते. लोकांना वाटतं, झाडं तोडली की प्राणी मरतात आणि विषय संपतो. तसं होत नाही. तुकड्यात अडकलेले जगतात, खातात, गातातसुद्धा. फक्त त्यांना जोडीदार मिळत नाही. मग एकेक करून म्हातारे होऊन जातात आणि बाहेरून रान हिरवंगारच दिसतं. आमच्या शहराबाहेर अशी दोन रानं उरली आहेत आणि त्यांना जोडणारा झाडांचा एक अरुंद पट्टा. नवा रस्ता नेमका त्या पट्ट्यावरून जायचा होता.

नियम असा, की पट्ट्यात लाजरा असेल तर रस्त्याला वळण घ्यावं लागतं. लाजरा म्हणजे मुठीत मावेल एवढा तपकिरी पक्षी. झुडपाच्या पोटात राहतो, उघड्यावरून उडायला घाबरतो, जन्मात कुणाला दिसत नाही. बेडूक, भुंगे, उदमांजरं, पट्टा सगळ्यांनाच हवा. पण कायद्याला ओळखीचा तेवढा लाजराच. तो दिसत नाही म्हणून आम्ही त्याला बोलावतो. पहाटे, वारा पडलेला असताना, त्याच्या हाकेचं रेकॉर्डिंग स्पीकरवर वाजवायचं, मग गप्प उभं राहायचं. उत्तर आलं तर तो आहे.

या विणीच्या हंगामात मला उत्तर आलं. झुडपांच्या पलीकडून, लांबून, पण स्वच्छ. एकदा नाही, मी गेले त्या प्रत्येक सकाळी. कित्येक वर्षं तो पट्टा मुका होता. मी तिथेच चिखलात बसून रडले. कोणी बघायला नव्हतं ते बरं.

पट्टा वाचवणाऱ्यांच्या बाजूने अहवाल मी लिहिला होता. रस्त्याच्या सुनावणीआधी दोन्ही बाजूंचे अहवाल एकमेकांना मिळतात. रस्तेवाल्यांचा मी नाक मुरडतच उघडला. खाली भावाची सही होती आणि वर लिहिलं होतं, पट्ट्यात लाजरा आहे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ज्यांचा पगार खातो त्यांच्याच विरुद्ध त्याने खरं लिहिलं होतं. माझी मलाच लाज वाटली. मी फोन लावला.

"जेवायला ये."

"कोण बोलतंय?"

"तुझी बहीण, गाढवा."

"नाही, आवाज ऐकल्यासारखा वाटला," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

तो आला. आईने त्याच्या ताटात इतकं वाढलं की माणूस उपासमारीतून सुटून आलाय असं वाटावं.

"नोकरी राहील का रे?" मी विचारलं.

"गेल्यात जमा आहे. साहेब म्हणाले, ऐकू आलं ते ठीक, पण लिहायची काय गरज होती?"

आम्ही दोघंच काय ते बोलत होतो. आई नुसती आमच्याकडे बघत बसली होती. मग त्याने पिशवीतून हेडफोन काढले. मी कानाने ऐकते आणि नोंदवते, पण त्याच्या लोकांना पुरावा लागतो, म्हणून त्याने पट्ट्याच्या मधोमध झाडाला रेकॉर्डर बांधून ठेवला होता.

"आई, ऐक. ज्याच्यामुळे हिने मला फोन केला, तो हा."

आईने हेडफोन लावून डोळे मिटले. हसली. मग तिचं हसू गेलं.

"हे खोकतंय कोण?"

"खोकतंय? रानात कोण खोकणार, आई?"

"तुमचे बाबा आहेत हे," ती म्हणाली. "मी ओळखणार नाही का?"

मी तिच्या कानावरून हेडफोन जवळजवळ ओढूनच घेतले. लाजऱ्याच्या दोन हाका आणि मागोमाग अगदी बारीक, दाबून धरलेला आणि शेवटी सुटलेला खोकला.

स्पीकरवर वाजवायचं ते हाकेचं रेकॉर्डिंग फार पूर्वी मीच केलेलं. माईक धरायला बाबा आले होते. श्वाससुद्धा घेऊ नका, असं मी त्यांना बजावलं होतं. विद्यापीठाच्या संग्रहात देताना मी खोकला कापून टाकला. भाऊ संग्रहातली प्रत वापरतो. माझ्या प्रतीतला खोकला मात्र बाबा गेल्यावर मला कापवेना. पट्ट्यात दरवेळी मी तो शेवटपर्यंत वाजू देते.

"तू कुठून वाजवत होतास?" मी विचारलं.

"वरच्या टोकाकडून. तू?"

"खालच्या."

वारा पडलेल्या सकाळी थोड्याच असतात, आणि त्या हेरायच्या कशा, हेही मीच त्याला शिकवलं होतं. माझ्या स्पीकरला त्याने लाजरा म्हटलं, त्याच्या स्पीकरला मी. एका फोनचं काम होतं. पण बोलायचंच नाही म्हटल्यावर विचारणार कोण? ताटातलं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बरोबर गेलो, काहीही न वाजवता. ऊन झाडांच्या अंगावर येईपर्यंत उभे राहिलो. वारा नव्हता. लाजराही नव्हता. परत गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "आपण मूग गिळून बसू. दोन्ही अहवाल जुळतायत, कुणाला संशय यायचं कारण नाही. पट्टा राहिला तर लाजरा उद्या तरी येईल. पट्टाच गेला तर कधीच नाही."

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

"ताई, इतकी वर्षं मी विकला गेलो म्हणत होतीस. आता तूच मला फुकटात विकायला काढलंस?"

"मग जा, सांग तुझ्या साहेबाला! त्याला तेच हवंय."

"हवंय ना. म्हणून तर मी नाही सांगणार. सांगितलं, तर तू जन्मभर म्हणशील की टाळी वाजवली. तू सांग, नाहीतर राहू दे. तू म्हणशील तसं."

मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

सुनावणीच्या सभागृहात मी शिरले तेव्हा पट्टा वाचवणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातले निम्मे माझ्याच भरवशावर आले होते. समोरच्या रांगेत भाऊ साहेबाशेजारी बसला होता, नजर जमिनीवर. अध्यक्षबाईंनी दोन्ही अहवाल हातात धरले.

"दोन्ही बाजूंचं एकमत मी आज पहिल्यांदाच बघतेय," त्या खुशीत म्हणाल्या. "कुणाला आणखी काही सांगायचंय?"

नाही म्हणून मान हलवली असती तरी चाललं असतं. पट्टा वाचला असता. वरच्या रानातले बेडूक खालच्या रानात गेले असते, आणि त्यांना काय फरक पडणार होता माझ्या खऱ्याखोट्याने? हे सगळं कळत असताना मी उठले.

"पट्ट्यात लाजरा नाही," मी म्हणाले.

मागे गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "किती घेतले, बाई?" भावाला मी जे म्हटलं होतं, त्याहून हे वेगळं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना शांत केलं. "तुम्हीच लिहिलंय की उत्तर आलं. दर सकाळी आलं. मग ते कुणाचं होतं?"

"माझ्या भावाचं."

समोर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साहेबाने त्याची बाही धरली, ती सोडवून घेत तो उभा राहिला.

"आणि मी ऐकलं ते हिचं," तो म्हणाला.

सभागृहात हशा पिकला. लोकांना तो विनोद वाटला. हशा थांबेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो.