विटेला कुंकू

"ह्येचं झाकण कुठनं निघतंय गं?" अप्पानं विचारलं.

"अप्पा, ते उघडायचं नसतं."

"नसतंय म्हंजे? आज खंडेनवमी न्हवं? आत कचरा तसाच ठेवून वरनं कुंकू लावणार व्हय?"

अप्पा मोठ्यानं बोलतो. बत्तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढली त्यानं, कान कधीच गेले; समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतो. कबनूरच्या एका शेडमध्ये तो जॉबर आहे. म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. खंडेनवमीला शेड बंद असते, म्हणून तो त्या दिवशी माझ्याबरोबर कोल्हापूरला आला होता. राजारामपुरीतलं माझं इन्स्टिट्यूट बघायला. खरं सांगायचं तर, माझं मशीन बघायला. येताना पिशवीतून तेलाची बुधली, ब्रश आणि त्याचा लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला होता. कबनुरात असंच असतं. आधी माग उघडायचा, कापसाचा कचरा झाडायचा, तेल द्यायचं, मग विभूती आणि कुंकू. घाण मशिनला कुंकू लावणारा माणूस अप्पाच्या लेखी देवालाच फसवतो.

मशीन म्हणजे राउटर. दोन वेगळी नेटवर्क एकमेकांना जोडणारं यंत्र. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये ते काचेच्या कपाटात कुलपात असायचं. पूजेसाठी त्या दिवशी रिसेप्शनिस्ट स्नेहलनं ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं होतं. संस्थेचे मालक ऋतुराज सर प्रमुख पाहुण्यांना आणायला शिरोली एमआयडीसीत गेले होते.

हे २००१ सालचं सांगतेय. तेव्हा नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर हा शब्द नुसता उच्चारला तरी गल्लीतली माणसं बाजूला सरून वाट द्यायची. मी वर्षभर कबनूरहून इचलकरंजी, तिथून एसटी बदलून कोल्हापूर, असा प्रवास केला. कशासाठी? लॅबमध्ये सहा कॉम्प्युटर होते, त्यातले चार चालू. राउटरला द्यायच्या कमांडी आम्ही वहीत लिहायचो. मी काय टाइप करणार ते निळ्या पेनानं, मशीन काय उत्तर देणार ते लाल पेनानं. मशीनही आम्हीच आणि माणूसही आम्हीच. सर खाली बरोबरची खूण करायचे. मशीनला हात कधी लावायचा, असं विचारलं की म्हणायचे, "सेटिंग बिघडलं तर पुण्याहून माणूस बोलवावा लागतो. तुम्ही आधी थिअरी पक्की करा."

आम्ही केली पक्की. अठराजणांनी केली. परीक्षेत मी पहिली आले.

एकच गोष्ट मी खरोखर हातानं शिकले, तीही घरी. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. त्यांचा क्रम चुकला की केबल मेलीच. सरांनी तो क्रम फळ्यावर लिहिला आणि पुसला. घरी मी पाठ करत बसले होते, तेव्हा अप्पानं वही बघितली आणि म्हणाला, "ही तर काठाची रंगसंगती हाय की." शेडमधून त्यानं रंगीत सुताचे दोरे आणले आणि क्रमानं ओवून दाराच्या चौकटीला बांधले. केशरी-पांढरा, केशरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. येता-जाता मला थांबवायचा. "सांग, चौथा कुठला?" मी चुकले तर अव्वासमोर, माझ्या आईसमोर, हसायचा. लाडानं मला दानव्वा म्हणतो तो. माझं नाव दानेश्वरी भीमाप्पा हुक्केरी.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत एक जागा होती. नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटरचीच. तिथले मॅनेजर बाळासो खराडे पूजेला येणार होते आणि नारळ फोडून झाला की नाव जाहीर करणार होते. सगळ्यांना माहीत होतं की नाव माझं आहे. अप्पानं तर शेडमधल्या चाळीस माणसांना खुणा करून सांगितलं होतं. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मागावरची माणसं हातानंच बोलतात. जागा मिळाली नाही तर मला परत शेडमध्ये बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या होत्या. अव्वा भरते तशा.

"दानव्वा, चार स्क्रू हायत फकस्त." अप्पानं मी काही म्हणायच्या आत चारही काढले. त्याचा हात असा चालतो की स्क्रूला कळत नाही आपण निघालो ते. स्क्रू डाव्या मुठीत घेऊन त्यानं झाकण उचललं आणि ब्रश पुढं केला.

ब्रश हवेतच राहिला.

आत अर्धी वीट होती. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली. बाकी काही नाही. तार नाही, पट्टी नाही, काही नाही.

अप्पानं वीट बघितली, मग माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत शंका नव्हती, हीच तर अडचण होती. त्यानं अगदी आदरानं विचारलं, "हेच्यात मशीन बसवायचं ऱ्हायलंय, का असंच असतंय? तुमचं नवीन काय असंल ते असंल, मला कळत न्हाय."

मला त्या क्षणी कुणाला तरी मारावंसं वाटलं.

"झाकण लाव! दाने, झाकण लाव आधी!" स्नेहल खुर्चीतून उठली होती. तिनं आत वाकूनही बघितलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत नसंल? गेल्या बॅचला मी पहिली आलते." ती खिडकीतून खाली बघत होती. "मला रिसेप्शनला घेतलं. हे बघ, आज तुझी नोकरी हाय. गप कुंकू लाव, सर्टिफिकेट घे आणि जा. आले बघ ते."

जिन्यावर सरांचे बूट वाजले. मी अप्पाला खुणेनं सांगितलं, बंद कर. त्यानं झाकण ठेवून दोन स्क्रू बसवले. तेवढ्यात माणसं आत आली आणि दोन त्याच्या मुठीतच राहिले.

पोरं जमली. उदबत्त्या लागल्या. सरांच्या हातात आमच्या सर्टिफिकेटांचा गठ्ठा होता. खराडे साहेब गळ्यात झेंडूची माळ घालून उभे होते. ते म्हणाले, "ह्या एवढ्याशा मशिननं जग जवळ आणलं बघा. आमचं ओतकाम आता जर्मनीला जातंय, कशामुळं? ह्येच्यामुळं!" टाळ्या पडल्या. सरांनी ताट माझ्या हातात दिलं. "आपली टॉपर पूजा करेल. वडील पण आलेत तिचे. लूममध्ये काम करतात बरं का, साहेब."

"वा वा! पावणं, पोरीनं नाव काढलं की तुमचं!"

अप्पाला ऐकू आलं नाही. तो भिंतीला टेकून फक्त माझे हात बघत होता. त्यानं मूठ वर उचलून दाखवली. शेडमध्ये ह्या खुणेचा अर्थ, करू का माग सुरू?

माझा अंगठा कुंकवात बुडला होता. मशीन समोर होतं. एक ठिपका द्यायचा होता, फक्त एक. मी ताट एका हातावर घेतलं आणि दुसरा पंजा छातीशी आडवा धरला. थांबव.

अप्पा दोन पावलं पुढं आला आणि त्याच्या त्या शेडमधल्या आवाजात सगळ्यांसमोर विचारलं, "का गं? दोरा तुटला व्हय?"

"न्हाय अप्पा. दोरा नव्हताच." मी सरांकडं वळले. "सर, ह्यात वीट हाय."

सर हसले. रोज आरशात बघून ठेवलेलं हसू असतं ना, तसं हसले. "डेमो युनिट आहे ते, दानेश्वरी. सगळीकडे असंच असतं. कार डीलरकडे पण नसते का पुठ्ठ्याची गाडी?"

"त्या पुठ्ठ्याच्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवत न्हाईत सर."

खराडे साहेब मोठ्यानं हसले. मला वाटलं, हा माणूस आता सरांची गचांडी धरेल. ते म्हणाले, "ऋतुराज, वीट तरी अख्खी घालायची की लेका! हे बघ पोरी, तू धीट हाईस, मला आवडलं. पर मनाला लावून घ्यू नगो. आमच्यात तरी कुठं काय एवढं हाय? सकाळी कॉम्प्युटर चालू करायचे, संध्याकाळी बंद करायचे. बिघडलं की पुण्याला फोन लावायचा."

"मग ॲडमिनिस्ट्रेटर कशाला पाहिजे तुम्हाला?"

"आयएसओच्या फायलीत लावाय! ऑडिटवाला विचारतंय, सर्टिफिकेटवाला माणूस कोण हाय? त्याला कागद दाखवाय लागतोय. पंख्याखाली बसून काम हाय बघ. काय वाईट हाय त्यात?"

म्हणजे वीट एकाच डब्यात नव्हती. वरपासून खालपर्यंत रचत आणलेली होती, आणि तिच्यावर मला एक नवी वीट म्हणून ठेवायचं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून.

सर माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "विषय वाढवू नकोस. कुंकू लाव. सर्टिफिकेटवर सही माझी असते, लक्षात ठेव."

मी बाकीच्या सतराजणांकडं बघितलं. सगळे फरशीकडं बघत होते. वर्षभर त्यांनीही लाल पेनानं मशीनची उत्तरं लिहिली होती. एक तरी बोलेल असं वाटलं होतं. भडवे, एक जरी बोलला असता.

मी ताट टेबलावर ठेवलं.

अप्पाला किती कळलं होतं, मला माहीत नाही. पण हातांतलं त्याला सगळं कळतं. तो टेबलाजवळ आला. पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर आणि तेलाची बुधली काढून ताटाशेजारी मांडली. दोन्हींना विभूतीची तीन बोटं ओढली, कुंकू लावलं, हात जोडले. परत पिशवीत ठेवली. मग डावी मूठ उघडून ते दोन स्क्रू सरांच्या पुढं ठेवले.

"तुमचं हे दोन ऱ्हायल्यात," तो म्हणाला. "दुसऱ्याचं सामान घिऊन जात न्हाय आमी."

आम्ही जिना उतरत असताना वर नारळ फुटल्याचा आवाज आला. ताट मल्लेशनं उचललं होतं. माझ्यामागचा नंबर त्याचा.

एसटीत अप्पा इचलकरंजीपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसला. उतरताना सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "वरीसभर एकदा बी हालवून बघितलं न्हाईस व्हय गं?"

हे मला सरांच्या धमकीपेक्षा जास्त लागलं. जॉबरची पोर मी. काचेबाहेरून नमस्कार करत बसले. कुलूप बघून मान खाली घातली, कारण कुलपात ठेवलेलं ते भारीच असणार, असं आमच्यासारख्यांच्या हाडात कुणीतरी भरून ठेवलंय. सरांवरचा राग अजून आहे, पण त्याच्या खालचा हा राग काही केल्या निघत नाही.

मी कांड्या भरायला लागले.

फेब्रुवारीत एके दुपारी मल्लेश शेडच्या दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला शिरोलीच्या फाउंड्रीचं कार्ड. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत केबलचा तुकडा होता, उंदरानं कुरतडलेला. मी त्याला शेजारी आमच्या घरी नेलं. शेडमध्ये बोलणं शक्यच नव्हतं.

"पुण्याचा माणूस चार दिवस येईना झालाय," तो म्हणाला. "साहेब म्हणतंय, तू सर्टिफिकेटवाला हाईस न्हवं, तूच जोड. वही घरात सापडंना. तो तारांचा क्रम कसा गं होता?"

"आता आठवण झाली व्हय माझी?"

"तसं न्हवं, दाने. तूच चल की. कुणाला न्हाय सांगायचो. गुपचूप जोडून दे आणि ये."

"मी येते. साहेबांना माझं नाव सांग. दानेश्वरी हुक्केरीला बोलावलंय म्हणून सांग. गेटातनं आत येते आणि सगळ्यांदेखत जोडते."

तो पिशवीकडं बघत राहिला. "माझी नोकरी जाईल गं," म्हणाला. "आई आजारी हाय."

"मग जा. पुण्याच्या माणसाची वाट बघ."

अप्पा जेवायला आला होता. आमचं बोलणं त्याला ऐकू आलं नसणार, पण कुरतडलेली केबल त्यानं बघितली आणि मल्लेशच्या हातातून घेतली. तारा बोटांनी सुट्या केल्या. मग दाराच्या चौकटीपाशी गेला. दोऱ्यांवर चार-पाच महिन्यांचा कापूस बसला होता. त्यानं फुंकर मारली.

"अप्पा, देऊ नको त्याला!" मी ओरडले. मी तोंडानं ओरडले, हातानं नाही. त्याची पाठ माझ्याकडं होती.

त्यानं गाठी सोडल्या, आठही दोरे क्रम न मोडता ओंजळीत घेतले, टोकं एकत्र बांधली आणि मल्लेशच्या हातात ठेवले. "केशरी-पांढऱ्यापास्नं सुरू कर," तो म्हणाला. "चौथा निळा. तितंच समदी चुकत्यात. ही बी चुकायची."

मल्लेश त्याच्या पाया पडायला वाकला. अप्पानं त्याला मध्येच धरून उभं केलं आणि जेवायचं विचारलं. तो थांबला नाही.

मी अप्पाशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शेडला जायला निघाले, तेव्हा तो दारात उभा होता. सवयीनं त्यानं चौकटीवर बोट टेकवलं आणि माझ्याकडं बघितलं. चौथा कुठला?

तिथं दोरे नव्हते. करड्या कापसाच्या थरात आठ स्वच्छ रेघा तेवढ्या होत्या.

मी चौथ्या रेघेवर बोट ठेवलं.