मंगळावरची अदबशीर मंडळी

सिडनी प्लॉटकिनने आयुष्यभर रेडिओसाठी लिहिलेल्या श्रुतिकांत मंगळवासी मारले होते. कधी तोफेने, कधी विजेने, एकदा तर साबणाच्या पाण्याने. त्यामुळे न्यू जर्सीतल्या टोमॅटोच्या शेतात खरोखरचं यान उतरलं, तेव्हा पोलिसांनी त्यालाच ब्रुकलिनमधून उचलून आणलं.

"यातले जाणकार तुम्हीच," पोलिसप्रमुख मॅक्गिनिस म्हणाला. "शिवाय ते तुमचंच नाव घेतायत. व्हा पुढे!"

सिडनीची पाचावर धारण बसली. यानापाशी मंगळवासी ओळीने उभे होते, अंगाला रबराचे लोंबते हात बांधून. त्याला पाहताच सगळे एका सुरात ओरडले, "शरण या, क्षुद्र मानवांनो!" आणि विकट हसले. हसून झाल्यावर त्यांची पुढारीण अदबीने वाकली.

"जमलं ना, प्लॉटकिनसाहेब? हसण्याचा फार सराव केला हो. पण लोक पळूनच गेले. आमचं काही चुकलं का?"

"हे असलं कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच की! तुमच्या श्रुतिका आमच्याकडे ऐकू येतात. पृथ्वीवर पाहुण्याने कसं यायचं, सगळं असतं त्यात. हे जास्तीचे हात खोटे आहेत बरं का. आम्हाला दोनच. तुमचा विरस नको म्हणून बांधले."

मागे मॅक्गिनिस फिस्सकन हसला. सिडनीची कानशिलं तापली. मंगळावरही कोणी आपलं ऐकत असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. जाहिरातीच्या आधी एक मंगळवासी आडवा केला की कार्यक्रमाचा खर्च उचलणारे साबणवाले खूश, आणि साबणवाले खूश की सिडनी खूश.

"आता शेवटाचं," पुढारीण म्हणाली. मागून एक म्हातारा हळूहळू पुढे आला. "शेवटी आमच्यातला एक मरतो, मग तुमची माणसं निर्धास्त होऊन जेवायला बसतात. यांनी आपणहून तयारी दाखवलीय. कुठे उभं राहायचं तेवढं सांगा."

सिडनीला मान वर करवेना. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं.

"अहो, तसं काही लागत नाही. तो शेवट मी आपला उगाच... लोकांना आवडतो म्हणून..." निदान एखादा माणुसकीचा शब्द बोलावा म्हणून त्याने म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?"

म्हातारा गोंधळला. बाकीच्यांकडे पाहून ओशाळला.

"नाव? तुमच्या गोष्टीत मरणाऱ्याला नाव कुठे असतं, साहेब? म्हणून निघताना नातवाला देऊन आलो."