माझ्या पाठीवर कोण बसलंय?

मित्रांनो, मी एक जुना इन्व्हर्टर आहे आणि जन्माचा भित्रा आहे. कारखान्यात मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा समोर पेटलेला बल्ब बघून मीच दचकलो. बारामतीच्या दुकानातून टेम्पोत बसून वरकुट्याला आलो, तेव्हा एका गतिरोधकावर भीतीनं असा ‘टीं टीं’ ओरडलो, की समोरून येणारी इंदापूरची एसटी थांबली आणि तिच्यातून चार माणसं उतरली. खोटं वाटत असेल तर त्या चौघांना विचारा.

जोतीरामआबा आणि मुक्ताबाईंच्या घरात मला कोपरा मिळाला. शेजारी माझी बॅटरी. वीज गेली की बॅटरीतली वीज घ्यायची आणि घराला पुरवायची, एवढंच माझं काम. पण अख्ख्या वस्तीवर इन्व्हर्टर म्हणजे मी एकटाच, आणि मुक्ताबाईंचा नियम होता, “दारात आलेल्याला पाणी आन् चार्जिंग, न्हाय म्हणायचं न्हाय.” वीज गेली की ओळीनं मोबाईल येत. लोक माझं कौतुक करत आणि मी आतून थरथरत असे.

मग घरात अंडी उबवायचं मशीन आलं. थर्माकोलचा पेटारा, आत बल्ब. वस्तीतल्या बायकांनी आपापली गावरान अंडी आणून दिली, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं नाव लिहून. एकूण एकशेवीस. एकवीस दिवस त्यांची ऊब सांभाळायची आणि वीज नसेल तेव्हा ती जबाबदारी माझी. मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तशी ती मला आधीही नव्हतीच म्हणा.

चौदाव्या दिवशी, गुरुवारी, दुरुस्तीसाठी वीज गेली. चार तासांत माझी बॅटरी संपली. मुक्ताबाईंनी पेटाऱ्यावर गोधडी टाकली. तासाभरात वीज आली म्हणून अंडी वाचली. तेवढ्यात वीज मंडळाचा निरोप आला, पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा वीज बंद. तो नेमका एकविसावा दिवस, पिल्लं बाहेर पडायचा!

“चार तासांत मान टाकतंय, नऊ तास काय काढणार?” आबा माझ्याकडं बघत म्हणाले. “म्हातारं झालंय खोकं. बुधवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू.”

भंगार! माझ्या पोटातला पंखा आपोआप फिरायला लागला.

बुधवारी संध्याकाळी भंगारवाल्याच्या आधी आबांची मुलगी श्रेया आली. ती बारामतीला आयटीआयमध्ये वायरमनचं शिकते. तिच्या हातात एक छोटा मीटर होता. “आबा, आधी मोजू तर द्या, ह्याच्या पाठीवर कोण कोण बसलंय ते.”

तिनं माझ्या पाठीच्या सॉकेटात मीटर लावला आणि घराची वायर त्या मीटरमध्ये. वीज गेल्यावर असतात तसे शेजाऱ्यांचे मोबाईलही चार्जिंगला लावले. मी डोळे मिटून घेतले.

“एकशे नव्वद वॉट!” श्रेया म्हणाली.

“मोबाईल वढत्यात,” आबा लगेच बोलले. “तुझी आई सगळ्या गावाला वीज वाटतीया.”

मुक्ताबाईंचा चेहरा पडला. श्रेयानं मोबाईल काढले. “एकशे सत्तर. मोबाईलचे फक्त वीसच.” मग तिनं क्षणभर मशीन काढलं. “शंभर. म्हणजे मशीनला लागतात सत्तर.” मशीन पुन्हा लावून तिनं घरातलं एकेक बटण तपासलं. टीव्ही, पंखा, दिवे, सगळे आधीच बंद होते. मशीनचे सत्तर सोडले, तर शंभर वॉट जागचे हलेनात!

भूत! मी मनात किंचाळलो. माझ्या पाठीवर भूत बसलंय!

“आबा, आणखी कुठं वायर नेलीया का?”

आबा पागोट्यातून डोकं खाजवायला लागले. “तसं काय न्हाय... गोठ्यात एक बल्ब हाय. पन तो दिवा हाय गं. गाय म्हंजी लक्ष्मी, तिच्यापुढं अंधार नको म्हनून लावलाय. दिवा काय खातोय?”

गोठ्यात शंभरचा पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत होता. गाय त्याच्याखाली डोळे मिटून रवंथ करत होती.

“दिवसाढवळ्या दिसत न्हवतं व्हय तुमच्या लक्ष्मीला?” मुक्ताबाई म्हणाल्या. “आन् मी गावाच्या मोबाईलपायी बोलनी खाल्ली!”

आबांनी गुपचूप बल्ब काढला आणि तेलाची पणती लावली. श्रेयानं बोटांवर हिशेब केला. “नुसतं मशीन असलं तर बॅटरी दहा तास जाईल. पण उद्या दुसरं काहीच नाही लावायचं.” भंगारवाला आला तो चहा पिऊन रिकामा परत गेला.

गुरुवारी नऊला वीज गेली. दुपारी शेजारच्या बानूबाई मोबाईल घेऊन दारात उभ्या राहिल्या. मुक्ताबाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, “बानूबाई, चार्जिंग आज न्हाय.”

बानूबाईंनी भुवया उंचावल्या. मुक्ताबाईंनी पेटाऱ्याच्या काचेतून त्यांचंच नाव लिहिलेलं अंडं दाखवलं. त्याला तडा गेला होता, आतून टकटक ऐकू येत होती. बानूबाईंनी मोबाईल पदरात बांधला आणि तिथंच बसून राहिल्या.

सहा वाजले, तरी वीज आली नाही. सव्वासहा वाजले. माझा लाल दिवा लागला, बॅटरी तळाला गेली. आतली ऊब सुटली असती तर अर्धवट निघालेली पिल्लं कवचातच गारठली असती. मी जीव मुठीत धरून ओरडायला लागलो, “टीं! टीं!”

आणि मित्रांनो, पेटाऱ्यातून उत्तर आलं, “चिंव! चिंव!”

मी ओरडलो की ती ओरडायची. सहा वाजून वीस मिनिटांनी वीज आली, तोवर आम्ही एकमेकांना धीर देत होतो. एकशे चार पिल्लं निघाली.

मित्रांनो, थकलेल्याला भंगारात काढण्याआधी एकदा मोजून बघा, त्याच्या पाठीवर किती ओझं आहे. आणि मोजताना देवाच्या नावाचा बल्बही सोडू नका.

भित्रा मी अजून आहेच. पण आता वीज गेली आणि मी ‘टीं टीं’ केलं, की वस्तीभरच्या एकशे चार कोंबड्या दाणे सोडून धावत येतात आणि माझ्याभोवती गोळा होतात. त्यांना वाटतं, आई हाक मारतेय.