चार बोटांची दुमड

भिंगरीचं कापड चांगलं झालं होतं, आणि तीच अडचण होऊन बसली.

शाळेचं शेवटचं वर्ष, विषय चित्रकला आणि वस्त्ररचना. अंतिम कामासाठी तिने कपडे वाळत घालायचे चिमटे निवडले. चिमट्याचा ठसा लिनोलियमच्या तुकड्यावर स्वतः कोरला आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून दोन मीटर सुती कापड छापून काढलं. विटकरी आणि राखाडी चिमटे, एकाआड एक, तारेवर बसल्यासारखे. घरच्यांनी त्या दिवशी ताटं हातात धरून जेवण उरकलं.

कापडात खोट होती ती फक्त पहिल्या ओळीत. पहिला ठसा रंगाने बरबटला, दुसरा फिका पडला, तिसऱ्याच्या कडा फुटल्या, चौथा डावीकडे कलला. ओळ संपेपर्यंत हात बसला आणि दुसऱ्या ओळीपासून नाव ठेवायला जागा उरली नाही. मग भिंगरीने आईला कडा शिवायला सांगितल्या. तीन बाजूंना नखाएवढी दुमड, वरच्या बाजूला चार बोटं.

"चार बोटं?" आई म्हणाली. "कापड काय वाढत्या अंगाचं आहे?"

पण शिवून दिलं. पहिली ओळ दुमडीत गेली आणि भिंगरीच्या लेखी ती कधी छापलीच नव्हती.

सोमवारी वस्त्ररचनेच्या बाईंनी कापड फळ्याला टांगलं, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि बाकीचं कुठे आहे, असं विचारलं. बाकीचं म्हणजे कच्ची कामं. काय करून पाहिलं, काय बिघडलं, मग काय बदललं. बाईंनी हे वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. भिंगरीने ते ऐकलंही होतं, पण ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आहे असं समजून सोडून दिलं होतं. आपलं पहिल्याच फटक्यात जमलं, असं तिने सांगितलं. आवाजात थोडा तोरा होता.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "परीक्षक बाहेरून येतात. त्यांच्यासमोर एक तयार कापड असेल आणि एक मुलगी. त्या कापडाचा आणि त्या मुलीचा काय संबंध, हे त्यांना कोण सांगणार?"

मागच्या वर्षी एकाने दुकानातून आणलेलं कापड स्वतःचं म्हणून लावलं होतं. तेव्हापासून परीक्षक ताकही फुंकून पीत होते. कापड भिंगरीचं आहे हे त्यांना पटलं नाही तर विषय गेला, आणि विषय गेला तर पुढे डिझाइनच्या कॉलेजचं दारही बंद. कच्ची कामं गुरुवारपर्यंत आणायला सांगून बाई दुसऱ्या मुलीकडे वळल्या.

भिंगरी घरी आली आणि कच्च्या कामांसाठी कागद पसरून नापास व्हायला बसली. ते काम तिला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. पोहता येणाऱ्याला बुडून दाखव म्हणावं, तसला प्रकार. तिने ठसा मुद्दाम वाकडा मारला, तो मुद्दाम वाकडा मारल्यासारखाच दिसला. रंग मुद्दाम जास्त घेतला, तर डागही नेमका मधोमध पडला. दप्तर कोपऱ्यात आदळून तिने जाहीर केलं की ह्या शाळेत हुशार माणसाची किंमत नाही.

बाबा बस आगारात चौकशीच्या खिडकीवर बसत. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन ते घरी बरेच शांत असत. "वाईट काढायचंय?" ते बाह्या सरसावत म्हणाले. "मग इतका वेळ मला का नाही विचारलंस?"

बाबांनी मन लावून दोन कागद बिघडवले. एकावर चिमटे उलटे, दुसऱ्यावर रंगाचा चिखल. तिसऱ्या कागदावर मात्र त्यांना जमायला लागलं, त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि ठसा त्यांच्या हातातून काढून घ्यावा लागला.

गुरुवारी बाईंनी सगळे कागद टेबलावर पसरले आणि लगेच दोन ढीग केले.

"हे कोणी केलं?" बाबांच्या ढिगावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"मीच."

"हा माणूस उजवीकडे कलतो. तुझा हात गेली दोन वर्षं डावीकडे कलतोय. आणि हा दुसरा ढीग तुझा आहे, पण त्यात चुका नाहीत. चुकांचं सोंग आहे."

भिंगरीचा संयम सुटला. "चांगलं केलं तर पुरावा मागता, वाईट केलं तर तेही चालत नाही. करायचं तरी काय, बाई?"

"खरं वाईट आण," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत. परीक्षक दुपारी येणार आहेत."

घरी पुन्हा तीच आदळआपट झाली. बाई कशा मागे लागल्यात, त्यांना कौतुक म्हणून ठाऊक नाही, हे सगळं दोनदा सांगून झालं. आई शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होती. तिने मान वर केली नाही.

"त्या चार बोटांत काय आहे गं? शिवताना सुई दोनदा अडली. रंग किती थापलायस."

ते दाखवण्यासारखं नाही, भिंगरी म्हणाली.

"मग नको दाखवूस," आई म्हणाली आणि यंत्र पुन्हा चालू केलं.

दोन अभ्रे शिवून होईपर्यंत भिंगरी कापड मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिने आईच्या डब्यातून ब्लेड काढलं आणि वरची शिलाई उसवली. बरबटलेला चिमटा, फिका चिमटा, फुटका, कललेला. चौथ्यानंतर पेन्सिलची बारीक रेघ सुरू झाली होती आणि पुढचे चिमटे तिला धरून हळूहळू सरळ होत गेले होते. ती रेघ आपण ओढली होती, हेही ती विसरली होती. तिने तीन वेळा इस्त्री फिरवली, तरी दुमडीची खूण गेली नाही. इस्त्रीलाही तिने दोन शब्द सुनावले.

सकाळी बाईंनी ती ओळ बोटाने डावीकडून उजवीकडे वाचली.

"हे आधी का नाही दाखवलंस?"

"घाण दिसतं."

"दिसतंच," बाई म्हणाल्या आणि कापड तसंच उघडं टांगायला सांगितलं.

परीक्षक उंच, थकलेले गृहस्थ होते. ते कापडासमोर थांबले आणि थेट वरच्या ओळीजवळ गेले. पेन्सिल मध्येच कुठून आली, असं त्यांनी विचारलं. चौथा ठसा वाकडा गेल्यावर, भिंगरी म्हणाली. आणि रंग? ठसा टेकवायच्या गादीवर जास्त झाला होता. मग प्रत्येक वेळी ठसा आधी वर्तमानपत्रावर टिपून घेतला. तिला आठवावं लागलं नाही. परीक्षकांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि पुढच्या टेबलाकडे निघाले.

"सर," भिंगरीला राहवलं नाही, "खाली बाकीचं कापड आहे."

"हो, पाहिलं," ते चालता चालता म्हणाले. "ते ठीक आहे."

ठीक. दोन मीटर कापड, एक चिमटा इकडचा तिकडे नाही, आणि ठीक. घरी येऊन तिने हा शब्द आईला आणि बाबांना वेगवेगळा ऐकवला. बाबांनी आपल्या दोन कागदांचं काय झालं, असं विचारलं. आईने कापड हातात घेऊन उसवलेली कड पाहिली. पुन्हा दुमडायची का, तिने विचारलं.

"दुमड," भिंगरी म्हणाली. "नखाएवढी."