सातवं नाव

चर्चच्या चिटणीसांनी सहावं नाव वाचलं आणि तिने सवयीने डोळे मिटले. सातवं तिच्या नवऱ्याचं, मिस्त्रीचं; बाकीची नावं ती नुसती मोजायची. पण सहाव्यानंतर भलतंच नाव आलं, त्यानंतर आणखी दोन, आणि शेवटी "दीर्घकाळ आजारी असलेले सर्व बंधू-भगिनी" असं म्हणून चिटणीसांनी कागदाची घडी घातली. सगळ्या मंडळीने "आमेन" म्हटलं. तिच्या तोंडून मात्र आमेन निघेना.

नऊ वर्षं दर रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना व्हायची आणि त्या यादीत तिच्या नवऱ्याचं नाव असायचं. माणूस गवंडीकामात हुशार, म्हणून सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. एका सकाळी परांचीवर चढता चढता त्याचं उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली, ती आजतागायत. सुरुवातीला घरी माणसांची रीघ लागायची. कोणी फळं आणायचं, कोणी तेल. सल्ले तर सगळेच आणायचे. मग हळूहळू रीघ आटली. रोज मरे त्याला कोण रडे! तिला त्याचा राग नव्हता. आपापल्या घरचं कोणाला थोडं असतं?

पण ते नाव होतं. आठवडाभर ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत वाफाळलेल्या चादरी ओढायची, घड्या घालायची, आणि घरी येऊन पुन्हा चादरच बदलायची. त्याला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं. रविवारी मात्र ते नाव दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी यायचं आणि तेवढा वेळ तो तिच्या एकटीच्या अंगावर नसायचा. त्या अर्ध्या मिनिटावर ती पुढचा आठवडा ढकलायची.

उपासना संपल्यावर तिने चिटणीसांना दारातच गाठलं.

"साहेब, यांचं नाव राहिलं वाटतं."

चिटणीस म्हणजे निवृत्त हेडमास्तर. माणूस सरळ, पण नियमाशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

"राहिलं नाही, ताई. यादी तिसावर गेली होती. उपासना लांबते म्हणून लोक कुरकुरतात. मग समितीत ठरलं, नवीन आजाऱ्यांची नावं तीन महिने वाचायची. जुने सगळे शेवटच्या ओळीत. देवाला काय, नाव सांगावं लागतं होय?"

"देवाला नाही लागत," ती म्हणाली. "मला लागतं."

वर्गात कोणी असं उत्तर दिलं नसावं. चिटणीसांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "पुढच्या बैठकीत विषय मांडतो मी."

"कधी आहे?"

"दोन महिन्यांनी."

ती "बरं" म्हणाली. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं, आणि तिचं सगळं त्राण चादरींत जात होतं.

वाटेत तिने देवाशीच भांडण काढलं. त्याच्यापाशी तिला भीड नव्हती. 'तुझ्या घरातून त्यांचं नाव काढलं, तुला कळलं तरी का? आता मी त्यांना काय तोंड दाखवू?' देव नेहमीसारखा ऐकून घेत होता. उत्तराची त्याला कधीच घाई नसते, हे तिला एव्हाना ठाऊक झालं होतं. एक-दोनदा रागाने तिने बोलणं बंदही करून पाहिलं होतं. चार दिवसांपलीकडे ते जमलं नव्हतं.

घरी मिस्त्री दाराकडे तोंड करून जागाच होता. रविवारी तो असाच वाट बघायचा. जग आपल्याला विसरलेलं नाही, याचा तेवढाच पुरावा त्याच्याकडे उरला होता.

"वा... वाचलं?"

'हो' तिच्या जिभेवर आलं होतं. एका शब्दाचं तर काम. पण प्रार्थनेतून उठून आलेल्या तोंडाने तिला ते बोलवेना.

"नाही वाचलं," ती म्हणाली. "नवा नियम केलाय. जुन्यांची नावं काढली सगळी."

त्याने नजर छताकडे वळवली. कशाला खरं बोलले, असं झालं तिला. मग त्याचा चांगला गाल हलला. तो हसत होता.

"ब... बरं झालं."

"काय बरं झालं? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आता... तु... तुझं घाल."

"माझं? मला काय धाड भरलीये?"

तो नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला. वाफेने सोललेली बोटं, सुजलेली मनगटं. या नऊ वर्षांत तिचं नाव कोणत्याच यादीत कोणी घातलं नव्हतं, आणि घालावं असं तिलाही कधी वाटलं नव्हतं.

ती मटकन खाटेपाशी जमिनीवर बसली आणि हमसाहमशी रडली. त्याने डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

"प्र... प्रभू... हि... हिला..."

पुढचा शब्द अडला. त्याचा घसा नुसताच हलत राहिला. इतकी वर्षं त्याची वाक्यं तीच पुरी करत आली होती. 'पा' म्हणायच्या आत पाण्याचा पेला पुढे यायचा. आज तिने ओठ घट्ट मिटून घेतले, आणि मान तशीच खाली ठेवून ती त्याच्या शब्दाची वाट बघत बसली.