उशीवरचा पाया

आमच्या टीव्हीखाली एक खण आहे. त्यात गेलेला कागद परत बाहेर आलेला मी आजवर पाहिलेला नाही.

तो खण शशिकांतरावांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा. एरवी मी त्यांना 'अहो' म्हणते, चिडले की शशिकांतराव म्हणते, आणि ते निवृत्त झाल्यापासून मी बहुतेक वेळ चिडलेलीच असते. चौतीस वर्षं त्यांनी दिल्लीत सरकारी बांधकाम खात्यात दुसऱ्यांचे नकाशे तपासले. तिथली त्यांची पद्धत त्यांनी जशीच्या तशी घरी आणली. जो नकाशा पसंत नसे त्याला ते नाही म्हणत नसत. "ठेवा, बघतो," एवढंच म्हणत आणि तो खणात टाकत. जो बांधायच्या लायकीचा वाटे त्याच्यावर मात्र लाल पेन्सिल घेऊन तुटून पडत. त्यांच्या हाताखालचे इंजिनिअर कागद लालभडक होऊन आला की पेढे वाटायचे, आणि कोरा राहिला की गप्प बसायचे.

लग्न ठरल्यावर मी त्यांना सांगलीहून पहिलं पत्र लिहिलं, ते त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून, समासात शेरे मारून परत पाठवलं होतं. मी आठ दिवस धुमसत होते. हा माणूस खूश झाला की असा वागतो, हे कळायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली.

तर त्या खणात आमच्या अपूर्वासाठी आलेले दोन बायोडाटा पडले होते. एक मुलगा बँकेत मोठा अधिकारी, दुसरा परदेशात नोकरीला. दोन्ही कागद स्वच्छ, एकही लाल खूण नाही. तिसरा बायोडाटा आशयचा. तो अजून टीव्हीच्या वर होता. टीव्हीची वरची फळी आणि खालचा खण यांत दीड हाताचं अंतर आहे, आणि त्या दीड हातावर माझ्या लेकीचा संसार अडकला होता. कारण तिने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की, बाबा नाही म्हणाले तर ती आशयशी लग्न करणार नाही, पण मग दुसऱ्या कोणाशीही करणार नाही. हट्टाच्या बाबतीत ती शंभर टक्के बापावर गेली आहे.

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं सदन आहे, त्याच्या कँटीनमध्ये आशय तिला भेटला. साबुदाणा वड्याची शेवटची प्लेट दोघांनी एकाच वेळी मागितली आणि ती निम्मी निम्मी खाल्ली. मुलगा पुण्याचा, आर्किटेक्ट. मित्रांबरोबर दिल्लीजवळ मानेसरला भाड्याने राहतो आणि तिथल्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर अमेरिकेतली घरं काढतो. ही घरं लाकडाची असतात. छपराच्या कैच्या, जमिनीच्या तुळया, बाहेरचा डेक, म्हणजे लाकडी ओटा, आणि खालचा पाया, असा घराचा सगळा सांगाडा हा पोरगा मानेसरला बसून उभा करतो. त्यातलं एकही घर त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला तो पहिल्या भेटीतच आवडला, कारण त्याने माझ्या आमटीत गूळ आहे हे ओळखलं.

शशिकांतरावांनी मात्र आमटी बाजूला ठेवून त्याची चौकशी सुरू केली. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, वारा किती धरता, असं विचारत विचारत ते खाली पायापर्यंत आले. पाया कोण काढतं, असं त्यांनी विचारलं. आशय उत्साहात म्हणाला की, त्याची चिंताच नाही काका, भिंती काढल्या की सॉफ्टवेअर पाया आपोआप काढतं.

"आपोआप," शशिकांतराव म्हणाले.

पुढचे चार दिवस आमच्या घरात हाच एक शब्द होता. दूध उतू गेलं की आपोआप. लिफ्ट बंद पडली की आपोआप. टीव्ही पुसायच्या निमित्ताने मी दोनदा तो बायोडाटा फळीवरच आणखी आत सरकवून ठेवला, म्हणजे जाता येता त्यांचा हात लागायला नको. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच आशयला फोन लावला आणि काम सांगितलं. आमच्या गच्चीवर लाकडी ओटा हवा आहे. त्याचा नकाशा करून पुढच्या रविवारी या.

हा ओटा म्हणजे माझी सहा वर्षांची मागणी. दिल्लीच्या सीमेला लागून पालम विहारला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि वरची गच्ची आमची आहे. जानेवारीत धुकं फिटून ऊन आलं की अख्खी कॉलनी भाजलेल्या शेंगा आणि किन्नूची संत्री घेऊन गच्चीवर जाते. आमच्या गच्चीची फरशी मात्र इतकी गार की चटईवर चटई टाकली तरी माझे गुडघे कुरकुरतात. खुर्च्या नेल्या तर शशिकांतरावांना वाकून शेंगा सोलता येत नाहीत. मी म्हटलं होतं की, साधा लाकडी ओटा करून घ्या, फूटभर उंच. सहा हिवाळे हा माणूस आलेखाच्या कागदावर तो ओटा काढतो आहे. बिल्डरच्या स्लॅबवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून वजन कुठे टाकायचं हे ठरत नाही.

अपूर्वाला हे काम ऐकून धक्काच बसला. "आई, हा इंटरव्ह्यू आहे यार," ती म्हणाली. मग तिने टेप घेऊन अख्खं घर मोजलं आणि मापं आशयला पाठवली. बाबांचा स्क्रीनवर भरवसा नाही, कागद छापून आण, हेही बजावलं.

रविवारी आशय इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात लॅपटॉप, काखेत कागदांची गुंडाळी. लॅपटॉप त्याने आमच्या टीव्हीला जोडला आणि पडद्यावर आमची गच्ची उगवली. पाण्याची काळी टाकी, वाळत घालायची तार, सगळं जागच्या जागी. मधोमध माझा ओटा. मला तर तो बघूनच गुडघे बरे वाटायला लागले.

ओट्याच्या अर्ध्या भागावर त्याने छप्परही घातलं होतं, दोन्हीकडून चांगलं उभं उतरतं. शशिकांतरावांनी ते नीट पाहिलं आणि पालम विहारला बर्फ किती फूट पडतो, असं शांतपणे विचारलं. आशय ओशाळला. तो म्हणाला की, ऑफिसात दिवसभर अमेरिकेतल्या मिनेसोटाची, बर्फातली घरं असतात, त्याच फाइलवरून हे काढलं, छप्पर बदलायचं राहून गेलं. मी पटकन शेंगदाण्यांची बशी पुढे केली.

इथे तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण पोराने हौसेने आमचं घरही आतून काढलं होतं आणि ते त्याला दाखवायचं होतं. चित्र जिन्यावरून खाली उतरलं. हॉल आला, स्वयंपाकघर आलं, खिडकीतली माझी कढीपत्त्याची कुंडीसुद्धा आली. मी कौतुकाने शशिकांतरावांकडे पाहिलं. मग आमच्या बेडरूमचं दार उघडलं.

छतातून काँक्रीटचे दोन खांब खाली आले होते. जमिनीपर्यंत नाही, अधांतरी. चांगले तीन फूट लोंबत होते आणि प्रत्येकाच्या टोकाला एक जाडजूड चौकोनी ठोकळा होता. एक माझ्या कपाटासमोर होता. दुसरा बरोबर शशिकांतरावांच्या उशीवर होता.

अपूर्वाने डोळे मिटून घेतले.

"हे काय आहे?" शशिकांतरावांनी विचारलं.

"पाया," आशय म्हणाला.

"कशाचा?"

"डेकचा."

"माझ्या उशीवर?"

मग त्याने जे सांगितलं ते असं. मिनेसोटाला थंडीत जमीन खोलवर गोठते, म्हणून डेकच्या खांबांचा पाया साडेतीन फूट खाली न्यावा लागतो. ऑफिसातल्या फाइलमध्ये ते पक्कं बसवलेलं असतं. त्याने गच्ची काढली आणि सॉफ्टवेअरने गच्चीलाच जमीन समजून साडेतीन फूट पाया खाली सोडला. गच्चीवरून बघताना तो दिसत नव्हता. खाली बघायचं त्याला सुचलं नाही.

"म्हणजे आपोआप," शशिकांतराव म्हणाले.

आशयने मान खाली घातली. मला त्याची इतकी दया आली की मी बोलायलाच निघाले होते, पण शशिकांतराव उठले. ते टीव्हीकडे गेले. फळीवर आत सरकवलेला बायोडाटा त्यांनी बाहेर काढला, चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि खाली वाकून खण उघडला. अपूर्वा माझा हात घट्ट धरून उभी होती. तिची नखं मला रुतत होती आणि मला रडू येत होतं. एका चुकीपायी पोरीचं असं व्हावं, याचा मला खरंच राग आला होता.

खणात त्यांनी बराच वेळ चाचपडलं. मग बायोडाटा पुन्हा फळीवर ठेवला आणि वळले. त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती. निवृत्तीनंतर ती त्या खणातच पडून होती, मला वाटत होतं हरवली.

"कागद आणलेत ना?" त्यांनी विचारलं. "पसरा."

पुढचा दीड तास मी तीनदा चहा केला आणि तीनदा तो गार झाला. जेवणाच्या टेबलावर नकाशा लाल होत गेला. छपराला काट मारली, तिथे वेलीसाठी उघडा मांडव आला. तुळयांमधलं अंतर मोजलं आणि त्यावर बरोबरची खूण केली. एकदा ते आशयला म्हणाले की, कडेचे चार खांब तुम्ही नेमके भिंतींच्या डोक्यावर घेतलेत, तेही आपोआप झालं का? आशय म्हणाला की नाही, ते हाताने केलं, अपूर्वाने खालच्या भिंतींची मापं दिली होती. शशिकांतरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. गेली सहा वर्षं त्यांचं घोडं तिथेच अडलं होतं. मग पेन्सिल मधल्या दोन खांबांवर, म्हणजे उशीवर आणि कपाटावर, आली.

"हे मधले दोन नकोतच, काका," आशय म्हणाला. "तुळई थोडी जाड घेतली तर ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ जाते. स्लॅबवर वजनच येत नाही."

"हे तुला कधी सुचलं?"

"पहिल्याच दिवशी. पण सॉफ्टवेअरने खांब घातले, म्हणून मला वाटलं लागत असतील."

"सुचलं होतं ना? मग सॉफ्टवेअरचं कशाला ऐकलंस?" असं म्हणून त्यांनी दोन्ही खांबांवर फुल्या मारल्या.

आशय बिचारा पांढरा पडला होता. त्याच्या कागदावर जागा उरली नव्हती. स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा मला हळूच म्हणाला की, सॉरी काकू, मी सगळंच बिघडवलं. मी त्याला काही सांगितलं नाही. मी दोन वर्षं वाट पाहिली होती, त्याने दहा मिनिटं पाहायला हरकत नव्हती. अपूर्वा मात्र स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून एकटीच हसत उभी होती.

शेवटी शशिकांतरावांनी पेन्सिल ठेवली आणि गच्चीवर ऊन आहे का बघायला निघून गेले. आम्ही तिघं कागदाभोवती जमलो. खालच्या कोपऱ्यात आशयने एक तक्ता केला होता, ओट्यावर किती वजन येईल त्याचा. त्यात त्याने लिहिलं होतं, बसणारी माणसं तीन. काका, काकू, अपूर्वा. स्वतःला त्याने धरलंच नव्हतं.

तीनवर लाल काट होती. बाजूला चार लिहिलं होतं. त्याखाली शशिकांतरावांच्या सरकारी अक्षरात शेरा होता, 'भविष्यातील वाढीची तरतूद ठेवावी.'

अपूर्वा कानापर्यंत लाल झाली. मी पदराने डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात पेढ्यांचा डबा शोधायला लागले. आशयने तो शेरा दोनदा वाचला, खिशातून पेन काढलं, आणि गच्चीवरून परत आलेल्या शशिकांतरावांना अगदी मनापासून विचारलं.

"काका, वाढ कुठल्या बाजूला धरू?"

शशिकांतराव तडक स्वयंपाकघरात आले, दार लोटून घेतलं, आणि माझ्या खांद्याला धरून इतके हसले की त्यांचा चष्मा आमटीत पडला.