पालखीखालचे पाय

ढोलवाले मागे पडले म्हणून पालखी उघड्या माळावर, भर सड्यावर थांबली, आणि निलेश दांडी खांद्यावर घेऊन कातळावर तसाच उभा राहिला. शिमग्यातलं ऊन उतरायला लागलं होतं, पण काळ्या दगडाला त्याचा पत्ता नव्हता. बाकीचे तिघे भोई हा पाय उचल, तो टेक असं करत होते. मागच्या बायका सुक्या गवताचे झुबके शोधून त्यांवर पाय ठेवत होत्या. निलेश मात्र पुढे बघत, घाम पुसत निवांत उभा होता.

"बघा गो, कसा उभा हाय!" सोनूबाई म्हणाली. "पोराला आई सांभाळते. भाजत पन नाय."

बायकांनी पालखीला हात जोडले. दोघी-तिघींनी निलेशलाही जोडले.

त्याचे वडील आप्पा गवतावर उभं राहूनही चुळबुळत होते. गावचे मानकरी तेच. पालखीखाली अनवाणीच चालायचं, यावर त्यांचा भारी कटाक्ष. गेल्या शिमग्यात सख्ख्या पुतण्याला, दीपकला, चप्पल घातली म्हणून त्यांनी भर अंगणात पालखीखालून बाजूला काढलं होतं. दीपक ते विसरला नव्हता. आप्पांना स्वतःला साठी उलटल्यावर साखर निघाली होती आणि अनवाणी फिरायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. मऊ तळव्यांची खास चप्पलही घेतली होती. ती आज ओटीवरच्या बाकाखाली सरकवून ते पालखीबरोबर निघाले होते. आता तळवे असे पोळत होते की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तरी पोराकडे बघून त्यांची छाती फुगली.

मग त्यांचं लक्ष निलेशच्या पायांकडे गेलं. बोटंसुद्धा आखडली नव्हती.

रत्नागिरीच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी आप्पांना डोळे मिटायला सांगितलं होतं. पायाच्या एकेका बोटाला हलकेच हात लावून, कळलं की सांगा म्हणाल्या होत्या. आप्पांनी एकही चुकवलं नाही. 

"पाय छान आहेत, साखरेने बधिर झालेले नाहीत," बाई म्हणाल्या होत्या. "तुम्हाला उशिरा झाला, ते बरं झालं. आपल्या लोकांना हा आजार गोऱ्यांपेक्षा आठ-दहा वर्षं आधी गाठतो. आता तर तिशीतच येतो, आणि लवकर आला की शरीर पोखरायला त्याला सगळं आयुष्य मिळतं. घरातल्या तरण्यांना घेऊन या."

आप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन निलेशला निरोप दिला. तेव्हा तो मुंबईहून दोन दिवसांसाठी आला होता. "म्हाताऱ्यांचं दुखणं ते," असं म्हणून त्याने हसण्यावारी नेलं. आप्पांनाही ते पटलं होतं, खरं तर. साखर म्हणजे पिकलेल्या केसांची गोष्ट.

या खेपेला निलेश चांगला बारीक होऊन आला होता. गाव म्हणालं, मुंबईत व्यायाम करत असेल. काल रात्री पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून झोपला आणि सकाळी तो रिकामा होता. आप्पांना भीती वाटली. अशी भीती त्यांना स्वतःच्या आजाराची कधी वाटली नव्हती.

ढोल आले. पालखी उठली आणि सडा उतरून आप्पांच्याच अंगणात आली. भोयांच्या पायांवर पाणी घालायला त्यांची सून समीक्षा तांब्या घेऊन पुढे झाली.

"आण इकडं," आप्पा म्हणाले.

"आप्पा आज सुनेचं काम करतायत," सोनूबाई हसली.

आप्पा निलेशच्या पायाशी उकिडवे बसले. पाणी घालून त्यांनी त्याचा उजवा पाय उचलून बघितला. तळव्याला भाजल्याचा पांढरा फोड आला होता आणि त्याच्या शेजारी करवंदीचा काटा मुळापर्यंत रुतला होता. आप्पांनी नखांत धरून तो उपसला. रक्त आलं. निलेश शेजारच्या भोयाला मुंबईच्या गाड्यांची गर्दी सांगत होता. त्याचं वाक्य मध्येच तुटलंसुद्धा नाही.

"निल्या, डोळे मीट."

"आता? पालखी खांद्यावर हाय, आप्पा."

"मीट. बोटाला हात लावला की सांग."

निलेशने हसत डोळे मिटले. आप्पांनी त्याच्या अंगठ्याला हात लावला. मग करंगळीला. मग डावा पाय घेतला. शेवटी मधलं बोट चिमटीत धरलं आणि धरूनच ठेवलं.

"लावा की, आप्पा," निलेश डोळे मिटूनच म्हणाला. "लोकं खोळंबलीत."

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. ओटीवर जाऊन त्यांनी बाकाखालची चप्पल काढली आणि सगळ्यांच्या देखत, पालखीच्या दांडीखाली, पोराच्या पायांपुढे ठेवली. ढोलवाल्याचा हात थांबला. दीपक आ वासून बघत राहिला.

"घाल," आप्पा म्हणाले.

निलेशने डोळे उघडले. "पालखीखाली? आन् तो हात कवा लावनार?"

"लावला," आप्पा म्हणाले.

निलेश थोडा वेळ हसतच राहिला. मग त्याने खाली आपल्या पायांकडे बघितलं.